डाव्या पायाचं माप

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा ठकीने आधी त्यांचे पाय पाहिले. जन्माची खोड. लोक माणसाच्या तोंडाकडे बघतात. ठकी पायांपासून सुरुवात करी आणि तोंडापर्यंत पोचायला तिला वेळ लागे. हिरव्या रबरी सपाता, उजवी टाच बाहेरच्या अंगाने झिजलेली. म्हणजे बाई टेबलाशी उभ्या राहतात तेव्हा सगळा भार उजव्यावर टाकतात आणि डावा नुसता सोबतीला ठेवतात. सपातांवर कुठे डाग नव्हता. तेवढं बघून घेतल्यावर तिने मान वर केली. बाई दमलेल्या होत्या, पण डोळे निवांत होते. म्हणाल्या, तुमच्या ताईंचं ऑपरेशन नीट पार पडलं, बीजकोश आणि गर्भाशय काढलं, पोटात जिथे जिथे रोग दिसला तिथला सगळा निघाला, नजरेला दिसेल असं काही मागे राहिलं नाही. ठकीचा जीव भांड्यात पडू लागला, आणि पडता पडता काठावरच अडकला, कारण बाई जाता जाता थांबून म्हणाल्या, "सगळ्यांच्याच अंगात असतात त्या लिम्फच्या गाठी मात्र काढल्या नाहीत. गरज नव्हती." मग सपाता चिकचिक करत लांबच लांब मार्गिकेतून निघून गेल्या, आणि ठकी त्या आवाजाकडे बघत राहिली.

ती बाकावर परत बसली. शेजारी ती दोन वाक्यंही बसली. एक म्हणत होतं, सगळं निघालं. दुसरं म्हणत होतं, काढल्या नाहीत. भांडण झालेल्या दोन जावा एकाच बाकावर बसाव्यात, एकीने खिडकीकडे बघावं नि दुसरीने भिंतीकडे, तशी. आणि लाजेची गोष्ट अशी की त्या क्षणी ठकीच्या मनात ताई आली नाही, ताईचा जीव आला नाही. आला तो डावा बूट. घरी, खाली तळघरात, वरच्या फळीवर, जाड कागदात गुंडाळून, सुतळीने बांधून ठेवलेला एक जोड; उजवा ताईच्या पायाचा, आणि डावा त्याच्याहून अंगठाभर रुंद, घोट्याशी सैल, वर नडगीपर्यंत बंदांनी उघडमिट करता येणारा. कोणी सांगितला नव्हता. ताईला माहीत नव्हता. ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंतच्या दिवसांत, ताई वर झोपली की ठकी खाली उतरे आणि तो शिवत बसे. हात कामात असले की डोकं गप्प बसतं असं तिला वाटे. पण ते गप्प बसलं नव्हतं. त्याने हातांना कामाला लावलं होतं.

ठकी हे आईने ठेवलेलं नाव. लहानपणी बसवलं तिथे लाकडी बाहुलीसारखी ताठ बसून राहायची म्हणून. आता केस पिकले, गुडघे कुरकुरू लागले, गिऱ्हाइकं बाई-बाई म्हणून हाक मारतात, पण ताईच्या तोंडी अजून ठकीच, आणि लाडात आली तर ठके. धंदा म्हणावा तर बुटांचा, पण दुकानात मिळतात तसल्या बुटांचा नव्हे. दुकानातला बूट ज्यांना होत नाही त्यांचा. कुणाचा एक पाय आखूड, कुणाचा तळवा सपाट, कुणाची बोटं एकमेकांवर चढलेली, कुणाला टाचेखाली जखम. इमारतीच्या तळघरातली एक लांबट खोली, आणि छताशी, रस्त्याच्या पातळीला, एक आडवी खिडकी. तिच्यातून माणसं दिसत नसत, पाय तेवढे दिसत. सगळं शहर ठकीच्या डोक्यावरून घोट्यांपर्यंतच चालत जाई. त्या गर्दीत ताईचे पाय तिला न बघताही कळत. ताई टपाल वाटायची. शहराच्या उंचावरच्या भागात, जिथे गाडी चढत नाही, नुसत्या पायऱ्याच पायऱ्या, त्या वस्तीत सगळं आयुष्य तिने पत्रं नि पुडकी वर चढवली आणि रिकामी झोळी खाली आणली. दर दाराशी थांबायची तिच्या पायांना इतकी सवय झालेली की हातात काही नसतानाही ती चालता चालता मध्येच जरा थबके, या घराचं काही आहे का ते आठवल्यासारखी, आणि मग पुढे जाई. टाच, टाच, टाच, थांब. टाच, टाच, थांब. ठकीला वाटे, हिचं चालणं म्हणजे एक ओवीच आहे, फक्त शब्द नसलेली.

ताईचा संसार थोडका झाला, ठकीचा झालाच नाही. दोघी वरच्या दोन खोल्यांत राहत. आणि त्याच खोल्यांत, त्याच खिडकीशी, कधीकाळी आईचा पाय उशीवर उंच करून ठेवलेला असे.

आईलाही हेच झालं होतं, बीजकोशाचा कॅन्सर. तिच्या वेळचे डॉक्टर म्हातारे, भारदस्त, तपकिरी कातड्याच्या चकचकीत बुटांचे. ऑपरेशन झाल्यावर त्यांनी दोघी मुलींना समोर उभं करून सांगितलं होतं की पोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या कडेने जेवढ्या म्हणून गाठी असतात तेवढ्या सगळ्या वेचून काढल्या आहेत, दाणा ठेवला नाही. दाणा ठेवला नाही. केवढा आधार होता त्या शब्दांत. घरात येईल जाईल त्याला त्या ते सांगत. जणू आईचं पोट म्हणजे निवडून पाखडून स्वच्छ केलेलं सूप. पाय सुजायला लागला तो पुढे, हळूच, पाहुण्यासारखा. आधी मोज्याचा काठ पोटरीत रुतू लागला. मग बुटाची नाडी पुरेना. मग घोटा दिसेनासा झाला, आणि मग तो डावा पाय आईचा राहिलाच नाही, कुणा जाडजूड, अबोल बाईचा पाय आईच्या पलंगावर येऊन झोपला. डॉक्टर म्हणाले, असं होतं. अंगातलं पाणी वाहून नेणाऱ्या वाटा त्या गाठींतून जातात. गाठी गेल्या की वाटा बुजतात, पाणी तुंबतं. त्यांनी ते इतकं सहज सांगितलं की त्यावर रागावताही आलं नाही. रोज सकाळी दोघी बहिणी पट्टी बांधायला बसत, ताई बोटांपासून, ठकी गुडघ्यापासून, आणि आई मध्येच आपल्याच पायावर रचलेलं गुणगुणे:

पाय माझा डावा, झाला गं पाहुणा,
ऊठ म्हणता उठेना, जा म्हणता जाईना.

पट्टी बांधण्याआधी सूज किती ते बघायचं असे. नडगीवर अंगठा दाबून धरायचा आणि उचलायचा. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राही, ओल्या मातीत राहावा तसा, हळूहळू भरून येई. पहिल्यांदा तो खळगा पाहिला तेव्हा ठकी पट्टी हातात तशीच धरून बसली होती. आईने तिच्याकडे पाहिलं, मग खळग्याकडे, आणि म्हणाली, "घाला गं यात पाणी. चिमण्या येतील प्यायला." तिघी हसल्या. त्या दिवसापासून रोज सकाळी कोणी तरी विचारायचं, काय, आज चिमण्यांची सोय आहे का? आणि रोज सोय असायची.

आईचे बूट ठकीच करी. फर्मा म्हणजे पायाची लाकडी प्रतिकृती, तिच्यावर चामडं ताणून बूट घडवतात. पाय वाढला की नवा फर्मा कोरत नाहीत. जुन्यावरच चामड्याचा एक थर चिकटवतात, कानशीने घासतात, माप वाढतं. आईच्या डाव्या फर्म्यावर असे थरावर थर चढत गेले. आणि दरवेळी तेच व्हायचं: ठकी माप घ्यायची, चामडं कापायची, टाके घालायची, बूट घेऊन वर जायची, आणि तोवर पाय पुढे गेलेला असायचा. आई तक्रार करायची नाही. बूट चढवायची, नडगीशी जरा दाबल्यासारखं करून म्हणायची, छान झालाय हो. पण ठकीला दिसायचं, चामड्याच्या काठावरून मांस कसं ओघळतंय ते. पाय पुढे, बूट मागे. धावून धावून ठकी त्या पायाला एकदाही गाठू शकली नाही. शेवटी रोग परत आला. गंमत बघा, गाठी काढल्या त्या जागी तो फिरकलासुद्धा नाही. पोटाच्या अस्तरावर आला, जणू त्या गाठींशी त्याचं कधी देणंघेणंच नव्हतं. पाय मात्र शेवटपर्यंत पाहुणा राहिला. आई गेली तेव्हा तो तिच्याहून जड होता.

ही सगळी आठवण ठकीने किती वर्षं उराशी धरली होती, पण तिच्यातून निघालेली बेरीज मात्र तिने कधी तपासून पाहिली नव्हती. इस्पितळाच्या बाकावर बसून ती आता तिला पहिल्यांदा दिसली, आणि ठकी चमकली. तिच्या मनाने कुणालाही न विचारता एक सौदा करून टाकला होता: पाय द्यायचा, जीव ठेवायचा. ताईचं निदान झालं, तपासणीत ताईच्या रक्तात आईच्या रोगाचा वारसा निघाला आणि ठकीच्या रक्तात निघाला नाही ("आईचं नाक तुला दिलं आणि हे मला, बघ ठके, शेवटपर्यंत तुझेच लाड," असं ताई म्हणाली होती), त्याच संध्याकाळी ठकीने ताईच्या डाव्या फर्म्यावर पहिला थर चिकटवला होता. डॉक्टरीणबाईंनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं की गाठींचं आत गेल्यावर, बघून ठरवू. पण ठकीने मनातल्या मनात ते ठरवून टाकलं होतं. गाठी जाणार, पाय सुजणार. आणि या वेळी बूट मागे राहणार नाही. या वेळी बूट पायाच्या आधी जाऊन वाट बघत बसेल. पायऱ्या चढणाऱ्या बाईचा पाय आहे तो. घरी बसवून चालणार नाही. असा विचार करत करत तिने एकेक टाका घातला होता, मेण लावलेल्या दोऱ्याने, ममतेने, आणि तिला जाणवलं नव्हतं की आपण बहिणीचा धडधाकट पाय घेऊन तो आधीच देऊन बसलो आहोत. आता कोणी तो घेतलाच नव्हता. आणि जे घेतलं नाही ते परत मिळाल्याचा आनंद होण्याऐवजी तिच्या मनात एक गारठा शिरला. काहीतरी द्यायचं राहिलं. दाणा राहिला. दाणेच दाणे राहिले.

ताई शुद्धीवर आली ती मस्करी घेऊनच. ओठ कोरडे, आवाज चिरका, पण पहिला प्रश्न, काय काय गेलं? ठकीने सांगितलं. ताई डोळे मिटून म्हणाली की बरं झालं, ते बिऱ्हाड कधीचं रिकामंच होतं, भाडेकरू कधी आलाच नाही. मग म्हणाली, आणि राहिलं काय? ठकी तिची चादर सारखी करू लागली. पायांपाशी गेल्यावर तिने चादरीखालून दोन्ही घोटे मुठींत धरून पाहिले. दोन्ही मुठी सारख्या भरल्या. ताई म्हणाली, "अगं, पोट कापलंय. तिकडे काय शोधतेस?" ठकी म्हणाली, गार पडलेत का बघत होते. पुढचे दिवस तिचं हेच चाललं. कोणी बघत नाही असं पाहून पायांशी जायचं आणि मुठी भरून पाहायच्या. सारख्या भरल्या की बरं वाटे आणि त्याच क्षणी धास्तीही वाटे, दोन्ही एकदम, गरम आणि गार पाणी एकाच नळातून यावं तसं.

एकदा डॉक्टरीणबाई तपासून निघाल्या तेव्हा ठकी त्यांच्या मागोमाग गेली. काय विचारायचं ते तिने तीनतीनदा घोकून ठेवलं होतं, पण तोंड उघडल्यावर भलतंच आलं. ती म्हणाली की माझ्या आईच्या सगळ्या काढल्या होत्या. बाई थांबल्या. भिंतीला टेकल्या, उजव्या पायावर भार टाकून. मग सावकाश बोलल्या, शिकवल्यासारखं नव्हे, शेजारणीशी बोलावं तसं. म्हणाल्या, आमचे सरही काढायचे. आम्हीही काढल्या, आणि चांगल्या मनाने काढल्या. वाटायचं, जितकं जास्त काढू तितका रोग्याचा फायदा. मग कोणीतरी नीट मोजून बघायचं ठरवलं. ताईंसारख्याच बायका, रोग पसरलेला पण दिसेल तेवढा सगळा काढता आलेला, आणि गाठी मात्र दिसायला-हाताला चांगल्या. त्यांतल्या अर्ध्या बायकांच्या गाठी काढल्या, अर्ध्यांच्या ठेवल्या. वर्षानुवर्षं पाहिलं. काढल्या त्या जास्त जगल्या नाहीत. त्रास मात्र त्यांना जास्त झाला. म्हणून आता चांगल्या दिसणाऱ्या गाठी आम्ही उगाच काढत नाही. रोग अगदी सुरुवातीचा असता, नुसता बीजकोशातला, तर गोष्ट वेगळी. तेव्हा काही गाठी काढून बघाव्या लागतात, रोग तिथपर्यंत पोचलाय का ते कळायला, पुढचं औषध त्यावर ठरतं. आणि सुजलेली, कडक एखादी सापडली असती तर ती मी ठेवली नसती. "मी बोटांनी चाचपून पाहिल्या," बाई म्हणाल्या आणि अंगठा नि तर्जनी एकमेकांवर हलकेच फिरवली. "मऊ होत्या. आपापल्या जागी होत्या. फोटोतही काही नव्हतं."

ठकीने त्या दोन बोटांकडे पाहिलं. तिला ती हालचाल ओळखीची होती. कातडं विकत घेताना ती डोळे मिटून अशीच बोटं फिरवी. जिवंतपणी जनावराला कुठे काटा लागलेला, कुठे गोचीड बसलेली, ते डोळ्यांना दिसत नाही, बोटांना दिसतं. आणि कातडं बोटांना चांगलं लागलं तर ते ती कापून टाकत नसे. असं कोण करील? तरी तिने विचारलं, कारण तो प्रश्न विचारल्याशिवाय तिला घरी जाताच आलं नसतं.

"आणि एखादीत असेल तर? बोटांना न कळलेलं?"

"असू शकतं," बाई म्हणाल्या. त्यांनी नजर वळवली नाही. "औषधं त्यासाठीच पुढे द्यायची आहेत. पण गाठी काढल्या असत्या, तरी रोग परत येणार नाही असं काही मी तुम्हाला सांगू शकले नसते. पाय सुजू शकेल, एवढं मात्र सांगू शकले असते."

मग त्यांना कोणी हाक मारली आणि त्या गेल्या. ठकी तिथेच उभी राहिली. तिच्या मनातला सौदा तिने पहिल्यांदा दोन्ही बाजूंनी उलटून पाहिला. आईने पाय दिला होता. त्याच्या बदल्यात कोणी काही दिलं नव्हतं. घेणाऱ्याने नुसताच घेतला होता, चांगल्या मनाने. आणि या बाईने हात आत घालून, चाचपून, ठेवून दिलं. एखाद्या घरात शिरावं, हवं ते घ्यावं, आणि बाहेर पडताना पाळण्यातलं मूल झोपलेलं पाहून दार हलकेच ओढून घ्यावं तसं. ठकीला हे कळलं. कळलं म्हणजे डोक्याला कळलं. मुठी मात्र अजून घोटे शोधतच राहिल्या.

ताई घरी आली. सलाईनमधून औषधं सुरू झाली, तिचे केस गेले, आणि ती म्हणू लागली की आता डोक्यावरून हात फिरवला की कुणाच्या तरी तान्ह्या बाळाला कुरवाळल्यासारखं वाटतं. खाणं उतरलं, मग चढलं. ठकी वर-खाली, वर-खाली करत राहिली. तळघरातली गिऱ्हाइकांची कामं उरकताना तिची नजर फळीवरच्या पुडक्याकडे जाई. मोडून टाकावं असं रोज मनात येई. बूट मोडणं सोपं. टाके उसवायचे, तळ वेगळा करायचा, कातडं दुसऱ्या कामाला. पण चामडं कापायची रापी हातात घेतली की हात मागे येई. मोडला आणि मग पाय सुजला तर? बाई म्हणाल्या होत्या ना, असू शकतं. ते त्यांनी वेगळ्या गोष्टीबद्दल म्हटलं होतं, पण ठकीच्या मनाने ते वाक्य उचलून या गोष्टीला चिकटवलं होतं, फर्म्यावर थर चिकटवावा तसं. तो बूट आता बूट राहिला नव्हता. ते एक दार होतं, जे उघडं ठेवलं तर संकट आत येईल आणि लावलं तर बाहेर उभं राहून ठोठावील.

आणि मग एका दुपारी खिडकीतून पाय दिसले. ठकी एका बुटाच्या टाचेला खिळे ठोकत होती. टाच, टाच, थांब. हातोडी वरच राहिली. टाच, थांब. इतकं हळू ती कधी चालली नव्हती, पण ओवी तीच होती. मग जिन्यात आवाज आला, कठड्याला धरून धरून, आणि दारात ताई. डोक्याला रुमाल, अंगात ठकीचाच लोकरी अंगरखा, पायांत घरातल्या चपला. म्हणाली, कोपऱ्यापर्यंत जाऊन आले, आता तुझ्याकडे पाणी मिळतं का बघू. ठकीने तिला गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसवलं. ताई दम खात इकडेतिकडे बघू लागली. भिंतीवर टांगलेले फर्मे, आरी, रापी, मेणाचा गोळा, दोऱ्याची रिळं. बरेच दिवसांनी आलेल्या माणसासारखी ती एकेक ओळखत गेली, आणि तिची नजर वरच्या फळीवर जाऊन थांबली. सगळं आयुष्य टपालात गेलेलं. न पोचलेलं पुडकं ताईला बघवत नसे.

"हे कोणाचं राहिलंय?" ती म्हणाली.

ठकी म्हणाली, एका गिऱ्हाइकाचं आहे. ताईने विचारलं, कोणाचं? ठकी म्हणाली, अशीच एक बाई आहे, ती आली नाही. ताईने बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि लहानपणापासून ज्या तोंडाला खोटं बोलता आलं नाही त्याला आणखी त्रास न देता म्हणाली, आण इकडे. ठकीने पुडकं उतरवलं. ताईने सुतळीची गाठ सोडवली, कापली नाही. गाठी सोडवण्यात तिचा हात चांगला. कागद उलगडला. उजवा बूट तिने मांडीवर घेतला, आत हात घालून पाहिला, मान हलवली. मग डावा घेतला. चपला काढून तिने उजवा पाय उजव्यात घातला. बसला तो असा की जणू पायानेच बूट घडवला. डावा घातला, तर पाय आत हरवला. तिने बोटं हलवली, टाच उचलली. पाय वर आला, बूट खालीच राहिला. ती उभी राहिली, ठकीचा खांदा धरून दोन पावलं चालली. उजवा नीट, डावा फडक. उजवा नीट, डावा फडक. आणि ताईला हसू आलं. पोटावरच्या टाक्यांच्या जागी हात दाबून ती हसायला लागली, मला हसवू नकोस म्हणत, आणि ठकी तर काहीच बोलली नव्हती.

"म्हणजे तू माझा पाय आधीच सुजवून ठेवलास होय गं?"

ठकीने खाली बघितलं. ताईचं हसू हळूहळू उतरलं, पण रागाकडे नाही गेलं, दुसऱ्याच कुठल्या तरी जिन्याने खाली आलं. ती स्टुलावर बसली. बूट काढून तिने समोर धरला, घोट्याजवळचा तो फुगवटा अंगठ्याने चाचपला, वर नडगीपर्यंत गेलेले बंद, आतून लावलेलं मऊ अस्तर, कुठेही टोचू नये म्हणून उलटवून शिवलेला काठ. मग ती भिंतीकडे वळली, आणि तिथे मागच्या रांगेत, थरावर थर चढलेला, आईचा डावा फर्मा होता. ताईने बूट त्याच्याकडे नेऊन धरला. चढवायची गरजच नव्हती. दोघींनाही दिसलं.

"ठके," ताई म्हणाली, "हा माझा नाहीच. हा आईचा झालाय."

खिडकीतून पाय जात राहिले. कुणाच्या तरी चाकांच्या पिशवीचा खडखड आवाज आला आणि गेला. ठकीने बूट हातात घेतला आणि पहिल्यांदाच तो गिऱ्हाइकाचा असल्यासारखा पाहिला. खरंच, काठावरून काही ओघळलं नसतं. नडगीशी दाबलं नसतं. छान झालाय हो, असं आई म्हणाली असती, आणि ते खरं असतं. इतक्या वर्षांनी एकदाचा तो बूट पायाला गाठून बसला होता, आणि पाय नव्हता. तिला आलं ते रडू म्हणावं तर रडू नव्हतं, धाप लागलेल्या माणसाने अखेर कुठे तरी टेकावं तसं काही होतं. ताईने तो बूट तिच्या हातातून घेतला, कागदात पुन्हा गुंडाळला, सुतळीची तीच जुनी गाठ मारली आणि आईच्या फर्म्याशेजारी ठेवून दिला, जसा पत्ता सापडल्यावर जिन्याच्या टोकाशी कुणाच्या दारात ठेवावा तसा, न ठोठावता.

मग ती परत बसली आणि तिने डावा पाय पुढे केला. म्हणाली, आता माझं माप घे. नीट घे. उन्हाळ्यात मला जिने चढायचेत.

ठकी जमिनीवर बसली. पाय मांडीवर घेतला. चवड्याला फीत गुंडाळली, मग घोट्याला, मग पोटरीला. उजवाही घेतला, पुन्हा डावा घेतला. फीत बाजूला ठेवली. आणि मग, हात थांबेचना म्हणून, तिने अंगठा ताईच्या नडगीवर ठेवला आणि दाबला. जुन्या दिवसांसारखा दाबला, धरून ठेवला. आत कुठेतरी, मोठ्या रक्तवाहिन्यांच्या कडेने, गाठींचे ते सगळे घेवड्याएवढे दाणे आपापल्या जागी होते. मऊ, गप्प, आपलं पाणी वाहून नेण्याचं काम करत. त्यांतल्या एखाद्याच्या पोटात काय आहे ते तिला माहीत नव्हतं, बाईंना माहीत नव्हतं, कोणालाच नव्हतं. तेवढं न माहीत असणं आता घरात राहायला येणार होतं, आणि त्याच्यासाठी जागा करावी लागणार होती. अंगठ्याखाली ताईची नाडी लागत नव्हती, तरी काहीतरी उबदार होतं. ताई वरून बघत होती.

"किती वेळ धरून बसणार आहेस?"

"थोडा वेळ," ठकी म्हणाली.

मग तिने अंगठा उचलला. जागा क्षणभर पांढरी पडली, आणि कातडी तिथल्या तिथे सपाट, नितळ, जशी होती तशी वर आली. दोघी वाकून बघत राहिल्या.

"काय गं," ताई म्हणाली, "चिमण्यांची सोय?"

"नाही," ठकी म्हणाली. "आज तहानेल्याच जाऊ देत."